जमुनाच्या मिरचीचा तास

जमुना वारली हे रविवारच्या शेतकरी बाजाराला कळलं, त्या दिवशी सूर्यभान तिथं नुसता वांगी घ्यायला गेला होता. तिला जाऊन महिना उलटला होता. गल्लीला, नातलगांना, अकोल्याला लेकीच्या, अपेक्षाच्या सासरी, सगळ्यांना केव्हाच कळलं होतं. दूधवाला, गॅसवाला, चक्कीवाला, सगळे दारात हात जोडून गेले होते. आता सांगायचं कोणी उरलं नाही असं त्याला वाटत होतं, आणि त्यात थोडी सुटकाही होती. या बाजाराचं त्याच्या मनातच आलं नव्हतं. इतकी वर्षं अमरावतीत काढून तो इथं कधी आला नव्हता. मैदानात ताडपत्र्या अंथरून शेतकरी बसतात, ज्याच्या शेतात जे पिकलं तेवढंच तो आणतो, मधे दलाल नाही की हर्रास-लिलाव नाही, एवढं जमुनाच्या तोंडून ऐकलेलं. पण गेल्या आठवड्यात दारावरच्या गाडीवरची वांगी त्याने स्वतः शिजवली आणि ती ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली. मग खिळ्यावरची तिची पिशवी काढून तो निघाला. एका ताडपत्रीवर लहान, काटेरी देठांची वांगी दिसली. बुडाला अजून माती होती. तो वाकला, आणि वांग्यांमागचा दाढीवाला माणूस त्याच्या तोंडाकडे न बघता पिशवीकडे बघत म्हणाला, "ओ भाऊ, हे पिशवी कोठून आनली?"

"घरची हाय."

"घरची कशी असन? हे जमुनाताईची पिशवी हाय. निळा काठ, लाल बंद. हजार पिशव्यांत ओळखीन मी."

बाजूला लिंबं घेऊन बसलेली बाई हसली. "गयासभाई, पिशवीवरून पोलीस बोलावता का आता?"

"बोलावतो ना माणिकबाई. ताईची पिशवी घेऊन मानूस फिरून राहिला, विचारू नाई?"

"मी तिचा मालक," सूर्यभान म्हणाला.

गयासुद्दीन झटकन उठला. हात पायजम्याला पुसले, एक रिकामा क्रेट उलटा करून पुढे सरकवला. "अजी, मंग पयले सांगाचं ना! बसा. ताई कोठी हाय? कितीक रविवार वाट पाहून राहिलो. तिचा तास वाळून राहिला ना तिकडं."

"वारली," सूर्यभान म्हणाला. हा शब्द त्याने महिनाभर इतक्यांदा उच्चारला होता की तो तोंडातून आपोआप निघायचा, दुकानाचा पत्ता सांगावा तसा. पण आतापर्यंत ऐकणाऱ्याला ते आधीच माहीत असायचं, तो फक्त होकार द्यायचा. इथं समोरच्या माणसाच्या तोंडावर ताई जिवंत होती, आत्ता येईल आणि वांगी उलटीपालटी करून बघेल अशी जिवंत, आणि ती त्याच्या एका शब्दाने गेली. सूर्यभानला हे स्पष्ट दिसलं. दवाखान्यात डॉक्टरने त्याला सांगितलं तेव्हा आपलं तोंडही असंच झालं असेल, असा एक विचार आला. गयासुद्दीन ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला आणि खाली बसला. माणिकबाईने पदर डोक्यावर घेतला. "कोन? आपल्या जमुनाबाई?" मग ती शेजारच्या ताडपत्रीकडे वळून हळू बोलली, तिथला म्हातारा पलीकडे वळला, आणि बातमी ओळीने पुढे गेली. सूर्यभान क्रेटवर बसून ती जाताना बघत राहिला. एकेक डोकं वर व्हायचं, इकडे बघायचं आणि पुन्हा खाली जायचं. बातमी लांब, पार गेटजवळच्या कांदेवाल्यापर्यंत गेली. कोणी रडलं नाही. एक पोरसवदा बाई उठून आली आणि सांभाराची, कोथिंबिरीची जुडी त्याच्या पिशवीत टाकून गेली.

आपली बायको एवढ्या लोकांना माहीत होती. तो चाळीस वर्षं तिच्याबरोबर राहिला होता, आणि तिला बाजारातून यायला उशीर होतो तो ऑटो मिळत नाही म्हणून, असं धरून चालला होता. ती याच क्रेटवर बसायची, हे आता माणिकबाई सांगत होती. चहा प्यायची, एखाद्याने रात्रीच्या पाण्याने जड झालेली मेथी आणली तर त्याला सगळ्यांसमोर झापायची. "जमुनाबाई आल्या का आमी जुड्या झटकून ठेवो बाप्पा," माणिकबाई म्हणाली. घरी जमुना फारशी कोणाला झापत नसे. निदान मोठ्याने नाही.

"तास कोणता?" त्याने विचारलं.

गयासुद्दीनने मग ते सांगितलं. सांगताना मधेच गिऱ्हाइकाला वांगी मोजून देत होता, पण आवाज खाली आणून. अंजनगाव सुर्जीजवळच्या त्याच्या शेतात वांग्यांच्या कडेने मिरचीची एक ओळ, एक तास, दरसाल जमुनासाठी लागायचा. बी तिचं, पैसे आधी, आणि त्या ओळीत जे येईल ते तिचं. चांगलं आलं तरी, वाईट आलं तरी. एका साली चुरडामुरडा येऊन झाडं आखडली, टोपलीभरही मिरची निघाली नाही, तेव्हा गयासुद्दीन पैसे परत द्यायला लागला तर तिने त्याचीच खरडपट्टी काढली होती. सूर्यभानला ती मिरची ठाऊक होती. बुटकी, जाड, शेंड्याला वाकडी. तिखट बेताची पण रंग असा की वरणाच्या फोडणीला लालबुंद तवंग यायचा. जमुनाच्या आईची, मूर्तिजापूरकडची. भावांनी तिकडचं शेत विकलं आणि तिथं प्लॉट पडले, तेव्हा आईच्या डब्यातलं मूठभर बी जमुनाने आणलं होतं. दोन वर्षं गच्चीवर कुंड्यांत लावून बघितलं, वांदरांनी ठेवलं नाही. त्यानंतरही दर उन्हाळ्यात तीच मिरची गच्चीवर वाळत असायची, आणि ती कुठून येते हे त्याने कधी विचारलं नव्हतं. ताटात येत होती.

"बी शिल्लक हाय का तुमच्यापाशी?"

"नाई ना. दरसाली त्याच तासातलं बी. मांगच्या सालचं सारं लावून टाकलं. हा तास गेला तं बी गेलं समजा."

"मंग पानी काहून नाई देऊन राहिले?"

हा प्रश्न विचारायला नको होता असं नंतर त्याला कधीच वाटलं नाही. पण त्या क्षणी गयासुद्दीनचा दुःखाने खाली गेलेला आवाज एकदम वर चढला. "मोटर जळली ना भाऊ! आन् अंजनगावात टाकली असती तं हप्त्यात पान्यात सोडली असती. पन ताईनं सांगतलं होतं, राजापेठेत एक कारागीर हाय, त्याच्या हातची मोटर धा साल पाहाचं काम नाई. भल्ली तारीफ! म्हने बोलते कमी, पन काम असं का कंपनीवाल्यानं येऊन शिकाव. मी पिकअपवाल्याच्या हातानं इतक्या लांब मोटर पाठोली. आन् तो हरामखोर दुकानाले कुलूप लावून गायब! फोन लावतो तं बंद. भंगारात इकून खाल्ली असन त्यानं."

"तो मीच," सूर्यभान म्हणाला.

"कोन तुमी?"

"राजापेठेतला मोटरवाला."

गयासुद्दीनच्या हातात वांग्यांची तागडी तशीच राहिली. माणिकबाईने कपाळाला हात लावला. "घ्या! घाला अजून शिव्या."

"मले काय मालूम बाई? ताईनं कधी सांगतलं का, तो मानूस तिचा मालक हाय म्हनून? सांगे तं असं सांगे, जसा कोनी दूरचा." मग तो सूर्यभानकडे वळला. "माफ करा भाऊ. तोंड खराब हाय माहं."

"बरोबर बोलले तुमी. कुलूप होतं." सूर्यभान उठला. "मोटर दुकानातच हाय. मी वायर भरून आनतो."

पिशवी भरून जड झाली होती. कोणी पैसे घेतले नाहीत. राजापेठेकडे चालताना त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, ट्यूशनला निघालेल्या पोरापोरींच्या गाड्या अंगावरून जात होत्या, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. राजापेठेत एक कारागीर आहे. जमुनाच्या आवाजात ते वाक्य कसं वाजलं असेल? तो ते ऐकायचा प्रयत्न करत होता आणि जमत नव्हतं, कारण त्याच्याजवळ तिचे जे आवाज होते त्यात हा नव्हता. नखं पाहा जरा. अंगाला वार्निशचा वास येऊन राहिला, आधी न्हाणीत जा. एवढं उशिरापर्यंत काय करता, गिऱ्हाईक पळून चाललं का? हे होते. चांगलं काम करता असं ती चाळीस वर्षांत एकदाही म्हणाली नव्हती. त्यानेही भाजी चांगली झाली असं कधी म्हटलं नव्हतं, सगळं पुसून खाल्लं म्हणजे झालं. मग गिऱ्हाइकं आठवायला लागली. दर्यापूरचा तो उंच माणूस, मोर्शीचा संत्र्याच्या बागेवाला, वलगावचे दोघे भाऊ. इतक्या लांबून लोक गाव ओलांडून त्याच्याकडे मोटर आणायचे आणि त्याला वाटायचं, नाव झालं आपलं. बाजूच्या दुकानाचा धर्मेंद्र म्हणायचाही, काका, पाटी रंगवत नाही तरी तुमच्याकडेच गर्दी. त्यावर तो छाती काढून म्हणायचा, पाटीले कोन पाहते, कामाले पाहते. यातले किती जण त्या क्रेटवरून आले होते? सगळेच? ते कळायला आता मार्ग नव्हता. रस्त्याच्या मधेच तो थांबला आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला.

आणि तिने, तो माझा मालक आहे, असं का सांगितलं नसेल? सांगितलं असतं तर लोकांनी सूट मागितली असती, हे एक. बाईने नवऱ्याची तारीफ केली तर लोक हसतात, हे दुसरं. दोन्ही बरोबर होतं आणि दोन्हींनी समाधान होत नव्हतं. कुलूप काढताना त्याला वाटलं, तिने आपल्याला बाहेरून बघितलं होतं, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने बघावं तसं, आणि बघून ठरवलं होतं की हा कामाचा आहे. आपण तिला तसं आजपर्यंत बघितलं नव्हतं. आज बघितलं, माणिकबाईच्या तोंडून. या विचाराने जीव दुखायला हवा होता. दुखला नाही. उलट पाठ थोडी सरळ झाली. माणसाची परीक्षा होऊन गेली असावी, तो पास झालेला असावा आणि त्याला निकाल उशिरा कळावा, तसं काहीतरी.

दुकानात महिन्याची कोंदट हवा होती, जळक्या तांब्याची. मोटर कोपऱ्यात उभी होती, खडूने त्याच्याच हाताने लिहिलेलं: गयासुद्दीन, अंजनगाव. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी जमुना सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या कलली होती. त्याने शर्ट काढून खिळ्याला लावला आणि मोटर खोलली. आतून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि त्या वासाने त्याला बरं वाटलं. वास त्याला कळत होता. एका फेजवर चालून जळलेली. जुनी वायर ओढून काढली, खाचा घासून साफ केल्या. पाण्यातल्या मोटरची वायर यंत्राने भरता येत नाही. एक एक वेढा हाताने खाचेतून ओढायचा, इकडून घालायचा, तिकडून घ्यायचा, आणि मोजायचं. मोजताना दुसरं काही मनात येत नाही. वेढा चुकला की कॉइल गेली. जमुना डबा घेऊन यायची तेव्हा तो मोजत असेल तर ती उंबऱ्यावर उभी राहायची. हाक मारायची नाही, पाय वाजवायची नाही. त्याचे ओठ हलायचे थांबले की मगच, अजी, जेवून घ्या. कधी कधी बराच वेळ उभी असायची. तो मान वर न करता मोजत राहायचा, पण ती उभी आहे हे त्याला दारातला उजेड कमी झाल्यावरून कळायचं. आता दार सताड उघडं होतं आणि उजेड पूर्ण होता, आणि तो मोजत होता, आणि मधेच त्याच्या लक्षात आलं की आपण आकडा हरवला आहे. त्याने शांतपणे ती कॉइल उसवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तीनदा असं झालं. चौथ्यांदा झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अपेक्षाचा फोन आला, तेव्हा तो जोड मारत होता. "बाबा, फोन चालू केला का? किती जीव घाबरला होता माझा. दुकान कशाला उघडलं? अकोल्याला या म्हटलं ना."

"येईन. एक तास वाळून राहिला, त्याले पानी द्याचं हाय."

"कोणाचा तास?"

"तुह्या आईचा." त्याने तिला सगळं सांगितलं, मोटरवाल्याच्या तारिफेचं सोडून. ते त्याने ठेवून घेतलं.

"बाबा, आता पाकिटातलं तिखट घेऊ आपण. कोण एवढं करतं? आई होती म्हणून होतं ते."

"हातात काम हाय बेटा, मंग बोलतो," तो म्हणाला. रागावला नव्हता. पोरीचं बरोबर होतं, आई होती म्हणूनच होतं.

मोटर टेम्पोत घालून तो स्वतःच अंजनगावला गेला. दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही असं त्याने ठरवलं होतं. वलगाव मागे पडलं तशी काळी, तडकलेली शेतं सुरू झाली, हरभरा निघून गेलेला, ऊन असं की लांबचं झाड हलल्यासारखं दिसावं. गयासुद्दीन फाट्यावर उभा होता. "लवकर करा भाऊ. या हप्त्यात लाइन दिवसाची हाय, पन दुपारी जाते."

शेतात पोचल्यावर सूर्यभानने आधी विहिरीकडे जायला हवं होतं, पण तो मिरचीकडे गेला. वांग्यांची पानं लोंबली होती. गयासुद्दीनच्या स्वतःच्या मिरचीचे तास, ओळीने, पाचोळा झाले होते. हात लावला की पान चुरायचं. आणि कडेला एकच ओळ उभी होती. मरगळलेली, पानं आत वळलेली, पण हिरवी, आणि त्यात बुटक्या, वाकड्या, लाल मिरच्या. प्रत्येक बुडाशी ओल होती. त्याला काही कळेना.

गयासुद्दीनची बायको आमिना डोक्यावर ओढणी घट्ट करत आली. "सलाम भाऊ. बकेटीनं घातलं. शेजाऱ्याच्या टाकीवरून."

"याच तासाले?"

"साऱ्याले कुठून पुरन? आमचं गेलं तं आमचं गेलं. हे ताईची अमानत. पैसे देऊन बसली होती बिचारी."

"मी म्हनलं होतं हिले, आपलेही दोन तास धर म्हनून," गयासुद्दीन म्हणाला.

"तुमी म्हनलं. बकेटी मी वाह्यल्या," आमिना म्हणाली. "तुमी झाडाखाली बसून मोटरवाल्याले शिव्या देत होते."

आमिनाने चार लाल मिरच्या तोडल्या. सूर्यभानने हात पुढे केला, तर तिने हात मागे घेतला आणि मिरच्या विहिरीच्या दगडावर ठेवल्या. "हातात नाई द्याची मिरची. झगडा होते. ताई कधी हातात घेत नव्हत्या." त्याला ते माहीत होतं. घरीही मीठ-मिरची ओट्यावर ठेवली जायची, तिथून तो उचलायचा. त्याने दगडावरून मिरच्या उचलल्या. तरी त्यांची भांडणं व्हायचीच, आणि जमुना म्हणायची, तुमी पयल्या जन्मी हातात घेतली असन. तो हसला. गयासुद्दीनने चमकून बघितलं. महिन्याभरात पहिल्यांदा आपण हसलो, हे सूर्यभानच्याही उशिरा लक्षात आलं.

मोटर दोरावर सोडली, पाइप जोडला, वायर स्टार्टरला लावली. गयासुद्दीनने बटण दाबलं. खाली घरघर झाली आणि पाइपाच्या तोंडाला पाणी आलं, करंगळीएवढं. सगळे ते बारीक पाणी बघत राहिले. आणखी वाढेल म्हणून थांबले. वाढलं नाही. "गेलं काम," गयासुद्दीन हळूच म्हणाला, आणि मग शिवी तोंडात आलेली गिळली. लाइन जायला थोडाच वेळ होता. सूर्यभान वाकून ऐकत होता. घरघर कॉइलची नव्हती. कॉइल ठणठणीत होती, हे त्याला स्वतःच्या छातीच्या ठोक्याइतकं पक्कं माहीत होतं. ती कॉइल त्याने चौथ्यांदा भरली होती.

"बंद करा. उलटी फिरून राहिली. आता सरळ फिरते." त्याने दोन वायरी काढून एकमेकींच्या जागी लावल्या. "मारा बटन."

पाइप एकदा हिसकला आणि पाणी भसकन पुढे पडलं, इतकं की आमिना ओढणी सावरत मागे सरली. "या अल्ला," ती म्हणाली आणि फावडं घेऊन धावली. गयासुद्दीनने पाइपाखाली डोकंच धरलं. "ताई खरं बोलत होती भाऊ! कंपनीवाल्यानं येऊन शिकाव!" तो ओरडला. सूर्यभानने मान हलवली. हो, म्हणाला. नम्रपणा करायचं काही कारण नव्हतं.

पाणी आधी कोणत्या तासाला सोडायचं हे कोणी विचारलं नाही, ते उतारानेच कडेच्या ओळीला गेलं. ढेकळं फुगत होती, बुडबुडे येत होते. तो बांधाने पाण्याबरोबर चालत टोकापर्यंत गेला. मग आमिना त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली, फावड्यावर दोन्ही हात ठेवून.

"भाऊ, बियान्याच्या मिरच्या कोन निवडन?"

"म्हंजे?"

"ते ताईच निवडे. दरसाली ह्याच दिवसांत येऊन जाय. साऱ्या तासातून चालत जाय, आन् मोजक्याच मिरच्यांले हात लावे. ह्या राहू द्या म्हने, झाडावरच वाळू द्या. काहून ह्याच, ते आमाले कधी समजलं नाई. मले तं साऱ्या सारख्याच दिसते."

सूर्यभानने ओळीकडे बघितलं. त्यालाही सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मोटर बघून ती कशाने जळली हे त्याला सांगता आलं असतं, पण कोणत्या मिरचीत पुढचं साल आहे हे नाही. जमुना काय बघत होती? शेंडा किती वाकडा ते, की देठ, की झाड? ती घरी येऊन त्याच्याजवळ याबद्दल कधी बोलली नव्हती. किंवा बोलली असेल आणि तो मोजत असेल.

"मी निवडीन," तो म्हणाला.

"तुमाले समजते?"

"नाई. पन निवडीन. रविवारी बाजार झाला का मी गयासभाईसंगच इकडं येतो. तोवर कोनी हात नोका लावू."

आमिनाने मान हलवली आणि पाणी वळवायला गेली. लाइन गेली, मोटर थांबली, तोवर तास पार भिजला होता. गयासुद्दीनने पिशवी भरून पिकल्या मिरच्या दिल्या, जमिनीवर ठेवून. त्या आता घरच्या गच्चीवर वाळत आहेत आणि यंदाचं तिखट त्यांचंच होईल. बियाण्याच्या मिरच्या झाडावरच आहेत. त्या निवडायच्या राहिल्या आहेत.